डेल्फ्टला येण्याआधी एक लहर स्वतः चालवून बघ

तू लिहिलंस की जिओफिजिक्समध्ये एम.एस्सी. झालंय, नेदरलँड्समधलं डेल्फ्ट, झुरिक आणि आखेन इथल्या विद्यापीठांच्या संयुक्त मास्टर्सला प्रवेश मिळालाय, पण प्रोग्रामिंग कच्चं आहे. शिवाय घरचे म्हणतात, तेलाचं क्षेत्र आता संपत चाललंय. मग यावं की वर्षभर थांबावं?

ये. थांबू नकोस. फक्त निघायच्या आधी हातात असलेले दोन महिने महागड्या सॉफ्टवेअरच्या कोर्सवर घालवू नकोस. जमिनीत सोडलेली लहर कशी पसरते आणि थरांवरून कशी परतते हे सांगणारं लहरीचं समीकरण पायथनमध्ये शंभरेक ओळींत स्वतः सोडव. जमिनीचा उभा छेद घे, त्यावर चौकटी आखून घे, वर एक स्फोट ठेव आणि लहर क्षणाक्षणाला पुढे सरकव. मॉडेल आपल्याकडचंच घे: वर समुद्राचं पाणी, वेग सेकंदाला १५०० मीटर, मध्ये बेसॉल्ट, ५०००, त्याखाली गाळाचा खडक, ३५००. कोकण-केरळच्या समुद्रात आणि कच्छ-सौराष्ट्रात दख्खनच्या बेसॉल्टखालचा गाळ शोधणं हा खराखुरा प्रश्न आहे, आणि तो अवघड का आहे ते तुला पडद्यावरच दिसेल. पाण्यातून सरळ खाली आलेल्या लहरीचा सुमारे ८० टक्के आयाम (म्हणजे लहरीची उंची) बेसॉल्टच्या माथ्यावरूनच परत फिरतो. खालच्या गाळाकडून येतं ते इतकं क्षीण, की पाण्यातच वरखाली आपटणाऱ्या प्रतिध्वनींत हरवून जातं.

इथल्या पहिल्याच गृहपाठात माझ्या चित्रात मुख्य लहरीच्या मागे सात-आठ बारीक समांतर पट्ट्या आल्या. मी त्यांना पातळ थर समजलो आणि अहवालात तसं लिहिलंही. सरांनी एवढंच विचारलं, ‘एका तरंगलांबीत किती बिंदू घेतलेस?’ हिशोब केला. ३० हर्ट्झला पाण्यात तरंगलांबी ५० मीटर, माझी चौकट २० मीटरची, म्हणजे जेमतेम अडीच बिंदू. पट्ट्या जमिनीत नव्हत्याच, माझ्या गणितात होत्या. चौकट ५ मीटरची केली आणि त्या गेल्या. पण मग काळाचं पाऊलही, म्हणजे हिशोबातल्या दोन क्षणांमधलं अंतर, आखडावं लागलं: बेसॉल्टच्या वेगाला ते पाऊण मिलिसेकंदाच्याही आत हवं, नाहीतर आकडे फुगत जाऊन सगळं कोसळतं. त्रिमितीत चौकट निम्मी केलीस की काम सोळा पट वाढतं. मोठे संगणक लागतात ते यासाठी.

हे एवढं हाताखालून गेलं की पुढचं जड जात नाही. विरियो या भूभौतिकशास्त्रज्ञांची १९८६ची, दाबाच्या आणि कातर (कण आडवे हलवणाऱ्या) लहरी एकत्र चालवणारी पद्धत, मॉडेलच्या कडांवरून खोटे प्रतिध्वनी येऊ नयेत म्हणून लावायचे शोषक थर, हे सगळं वर्गात शिकवतात. प्रोग्रामिंग कच्चं असल्याची भीती त्यामानाने लहान आहे.

घरच्यांची काळजी अगदीच चुकीची नाही. इथल्याच, १९५९ मध्ये सापडलेल्या ग्रोनिंगेनच्या नैसर्गिक वायुक्षेत्रातून उपसा करताना जमीन हादरू लागली, २०१२ मध्ये ३.६ तीव्रतेचा धक्का बसला, घरांना तडे गेले, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये उत्पादन थांबवलं. पण आता इथे भूगर्भातल्या गरम पाण्यासाठी देशभर नवी भूकंपीय रेषा-सर्वेक्षणं, म्हणजे एका रेषेवर जमिनीत लहरी सोडून परतणारे प्रतिध्वनी नोंदवणं, झाली आहेत. डेल्फ्ट विद्यापीठाच्या आवारातच दोन किलोमीटरहून खोल विहिरी खणल्या आहेत. कोणता थर पाणी देईल हे आधी सांगायला तेच समीकरण लागतं. मला स्वतःला हे काम जास्त आवडतं, कारण विहिरीवर घरून रोज जाता-येता येतं.

राहण्याचं मात्र आत्तापासून बघ. खोली न बघता, निदान व्हिडिओवर तरी न बघता, कुणालाही अनामत पाठवू नकोस. मी पाठवली होती, ती गेली. आणि सामान कमी आण, दर सहामाहीला गाव बदलायचंय. पदवीनंतर नोकरी शोधायला इथे एक वर्षाचा परवाना मिळतो, त्याला ‘झूकयार’ म्हणतात. तो अर्ज लांबवू नकोस.

कोड चालला की बेसॉल्टचं चित्र पाठव. पट्ट्या आल्या तरी पाठव.