पुरावा खरा आहे, पण कशाचा?

तुम्ही विचारलंय की नववी-दहावीची मुलं मोबाइलवर दिसलेलं काहीही ‘पुरावा’ म्हणून पुढे करतात, तर तो मुद्द्याला धरून आहे का आणि भरवशाचा आहे का, हे पारखायला त्यांना कसं शिकवायचं. मी मालवण तालुक्यातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवतो. आधी माझी फजिती सांगतो.

पहिल्या वर्षी मी फळ्यावर यादी लिहिली होती. लेखक कोण, त्याची पदवी काय, तारीख आहे का, आकडे दिलेत का, भाषा शास्त्रीय आहे का. मुलांनी वहीत उतरवली, परीक्षेत जशीच्या तशी लिहिली, मीही मार्क दिले. महिन्याभराने एक मुलगी वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन आली. स्मरणशक्ती वाढवणारं चूर्ण. डॉक्टरांचा फोटो, प्रयोगशाळेचं नाव, टक्केवारी, तारीख, सगळं जागच्या जागी. माझ्या यादीत पाचपैकी पाच. कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘जाहिरात’ असं छापलं होतं, ते माझ्याही नजरेतून सुटलं. पाठीमागच्या बाकावरच्या पोराने दाखवलं.

तेव्हापासून मी विश्वासार्हता मागे ढकलली आणि संबंध पुढे आणला. ‘हे कोण म्हणतंय?’ हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, ‘हे खरं धरलं, तरी त्यातून काय सिद्ध होतं?’ चूर्ण खाल्लेल्या मुलांचे गुण वाढले असतीलही. पण पहिल्या सत्रानंतर दुसऱ्या सत्रात चूर्ण न खाणाऱ्या किती जणांचे वाढतात? ती संख्या कात्रणात नव्हतीच. म्हणजे आकडा खरा असूनही चूर्णाबद्दल तो काहीच सांगत नाही.

आता आंब्याची गोष्ट. दर एप्रिलला एक मेसेज फिरतो: आंबा पाण्यात टाका, तरंगला तर कार्बाइडने पिकवलेला, बुडाला तर नैसर्गिक. आमच्या वर्गात निम्म्या घरांची कलमं आहेत, त्यामुळे विषय तापायला वेळ लागला नाही. आधी दावाच नीट मांडायला लावला. फळं पिकवायला कॅल्शियम कार्बाइड वापरायला आपल्याकडे बंदी आहे, पण इथिलीन वायू ठरवून दिलेल्या मर्यादेत चालतो. मग मेसेजमधलं ‘नैसर्गिक’ म्हणजे नक्की काय? अढीतला? की इथिलीनच्या खोलीतलाही? दहा मिनिटं यातच गेली. गेली ते बरं झालं.

मग एकाने बागेतून सकाळी उतरवलेले २४ कच्चे हापूस आणले. एकाच झाडाचे, कार्बाइडच काय, अढीचंही तोंड न पाहिलेले. विहिरीच्या पाण्याने भरलेल्या घमेल्यात एकेक सोडला. ९ तरंगले. वर्गात एकदम शांतता, कारण बागवाल्याचा मुलगा लाल झाला होता. “सर, आमचे आंबे बिनकार्बाइडचे आहेत हां!” मी म्हटलं, अरे तेच तर आपल्याला कळलं. झाडावरून थेट आलेला आंबाही तरंगतो, म्हणजे तरंगणं हा कार्बाइडचा पुरावा होऊ शकत नाही.

मग दोन पोरांना बादली घेऊन समुद्रावर पिटाळलं. विहिरीच्या पाण्यात बुडालेले १५ आंबे खाऱ्या पाण्यात सोडले, तर ११ वर आले. तोच आंबा, तीच सकाळ, बदललं ते फक्त पाणी. गोड्या पाण्याची घनता १ धरली तर समुद्राच्या पाण्याची साधारण १.०२५ असते, आणि तयार हापूस या दोन्हींच्या मधे कुठेतरी असतो. पूर्ण भरलेला आंबा गोड्या पाण्यात बुडतो, कोवळा तरंगतो, म्हणून फळ काढणीला तयार झालंय का हे बघायला ही चाचणी खरंच वापरतात. मेसेज लिहिणाऱ्याने ती हवेतून काढलेली नाही. एका प्रश्नाचा खरा पुरावा त्याने दुसऱ्याच प्रश्नाला चिकटवलाय. तयार आंब्यावर कोणी कार्बाइड वापरलं, तर तो बुडेलच की.

इथे एक सावधगिरी. एका मुलीने लगेच लिहिलं, ‘मेसेज खोटा ठरला, म्हणजे बाजारातले आंबे चांगले असतात.’ आम्ही कार्बाइडचा एकही आंबा तपासला नव्हता! आमच्या घमेल्याने एवढंच दाखवलं की ही चाचणी त्या कामाची नाही. असली उडी मुलं हमखास मारतात. मोठेही मारतात. तिथे थांबून, वहीत तेवढं वाक्य खोडून पुन्हा लिहायला लावा.

विश्वासार्हतेकडे मी भरतीच्या वेळेवरून येतो. एका मुलाचे आजोबा आयुष्यभर रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढायच्या मासेमारीत होते. भरती कधी, असं विचारलं की म्हणतात, “घड्याळ कित्याक बघतस? तिथीची पाऊणपट कर.” म्हणजे चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा वाजता. किनाऱ्यावर हा हिशोब पुष्कळांना पाठ आहे. मुलांना विचारलं, भरवसा ठेवायचा का? अर्धी म्हणाली आजोबा शिकलेले नाहीत, अर्धी म्हणाली जुनी माणसं चुकत नाहीत. दोन्ही उत्तरं माणसाकडे बघून दिलेली होती. मी म्हटलं, हिशोबाकडे बघा.

महिनाभर पाळीपाळीने जेटीवर जाऊन पोरांनी पूर्ण भरतीची वेळ टिपली. छापील भरती-ओहोटीच्या तक्त्याशीही ताडली. असे तक्ते भारतीय सर्वेक्षण विभाग काढतो. काही दिवस आजोबा तक्त्याच्या वीस मिनिटांत होते, काही दिवस तासाच्या पुढे हुकले. का हुकले, ते एका मुलीने आकडेमोड करून काढलं. तीस तिथ्यांत भरती घड्याळाचा चोवीस तासांचा पूर्ण फेरा करते, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटं. पाऊणपट धरते ४५. तीन मिनिटांची गळती साठत पौर्णिमेला पाऊण तास होते. हिशोबाने पौर्णिमेला सव्वाअकरा आणि दुसऱ्या दिवशी, तिथी पुन्हा एकपासून सुरू झाली की, एकदम पाऊण! शिवाय प्रत्येक बंदराची वेळ थोडी वेगळी, भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीच्या दिवसांत आणखी फरक. होडी काढायला आजोबांचा हिशोब पुरतो, खडकावर कालवं काढायला जायचं असेल तर तक्ता बघावा. आजोबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, पुनवेक मी कधी पाऊणपट केलंय? म्हणजे नियम कुठे मोडतो हे त्यांना ठाऊक होतं, आम्हालाच कोणी विचारलं नव्हतं.

इंटरनेटवरच्या मजकुरासाठी मात्र घमेलं चालत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी १० पीएचडी इतिहासकार, १० व्यावसायिक फॅक्ट-चेकर आणि २५ विद्यार्थ्यांना तीच संकेतस्थळं पारखायला दिली होती. इतिहासकार आणि विद्यार्थी पान नीट वाचत बसले आणि देखण्या बोधचिन्हाला, भारदस्त नावाला फसले. फॅक्ट-चेकर पानावर थांबलेच नाहीत. दुसऱ्या टॅबमध्ये जाऊन ही संस्था कोण, तिच्याबद्दल इतर काय म्हणतात, ते आधी बघून आले. माझी फळ्यावरची यादी म्हणजे पानावर बसून राहायचीच शिकवण होती. आता संगणक कक्षात नियम एकच: पहिली तीन मिनिटं मूळ पान वाचायचं नाही, त्याच्याबद्दल बाहेर काय आहे ते शोधायचं.

“मग सर, पुस्तकातलंही खोटं?” हा प्रश्न येणारच. रागावू नका. पुस्तकातलं एखादं विधान त्यालाच निवडायला सांगा आणि ते तपासायला काय लागेल ते लिहून आणायला सांगा. बहुतेक पोरं हे काम ऐकून गप्प होतात. एखादं खरोखर लिहून आणतं.

परीक्षेत ‘विश्वासार्ह स्रोताचे निकष लिहा’ विचारू नका. मी गेल्या खेपेला दावा दिला होता: आपल्या खाडीचं पाणी पावसाळ्यात कमी खारट होतं. खाली तीन पुरावे. एक, खाडीकाठच्या बाईंचं म्हणणं की जुलैत जाळ्यात वेगळे मासे येतात. दोन, ऑगस्ट २००६ मध्ये माहीमला समुद्राचं पाणी गोड लागलं म्हणून लोकांनी बाटल्या भरून नेल्याची बातमी. तीन, मे आणि जुलैमधलं प्रत्येकी १०० मिलिलिटर पाणी आटवून उरलेल्या मिठाचं वजन. प्रत्येक पुरावा दाव्याला कितपत लागू, आणि का. माहीमच्या बातमीवर सगळ्यात जास्त मारामारी झाली. बातमी खरी आहे, पावसाळ्यात नदीचं गोडं पाणी समुद्रात शिरतं हे कारणही जुळतं, पण ती खाडी आपली नव्हे. एकाने लिहिलं होतं, ‘शक्यता दाखवते, आपल्या खाडीचं काही सांगत नाही.’ त्याला पूर्ण मार्क. आणखी एकाने लिहिलं, ‘तिसरा पुरावा सगळ्यात चांगला, पण भरतीच्या वेळचं पाणी घेतलं की ओहोटीच्या, ते दिलेलं नाही.’ ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. यंदा प्रश्नात वेळ घातली आहे.