पहाटे दारात उभी राहिलेली माणसं

प्रश्न : ताई, मी अमेरिकेत मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंगला शिकते. दोन वर्षांपासून माझ्याबरोबर अदिस अबाबाची एक मुलगी राहते. तुम्ही इथिओपियात राहिला आहात, म्हणून तुम्हालाच विचारते. गेल्या महिन्यात एका गुरुवारी रात्री तिच्या मावसभावाचा मला फोन आला. तिकडे अदिस अबाबाला तिची आई वारली होती. 'तिला काही सांगू नकोस, आम्ही शनिवारी पहाटे येतो,' असं तो म्हणाला. शुक्रवारी दिवसभर ती माझ्याशी हसत-बोलत होती. घरचं कुणी फोन का उचलत नाही, असं तिनं विचारलं, तेव्हा मी 'नेटवर्क नसेल' म्हटलं. शनिवारी उजाडायच्या आत आठ-नऊ माणसं दारात आली. कुणी तोंड उघडायच्या आधीच ती किंचाळली. मी तिला फसवलं, असं सारखं वाटतं. माफी मागू का?

उत्तर : माफी मागू नकोस. तू काय केलंस ते आधी नीट समजून घे.

मृत्यूच्या त्या बातमीला तिथल्या अम्हारिक भाषेत 'मर्दो' म्हणतात, आणि ती कशी सांगायची याची तिथे ठरलेली रीत आहे. मी ताना सरोवराच्या काठी बाहिर दारला पाच वर्षं गणित शिकवलं. दुसऱ्याच वर्षी आमच्या विभागातल्या एका तरुण शिक्षकाचे वडील गोंदरकडच्या गावी वारले. दुपारी बातमी आली. सगळ्या विभागाला कळली, फक्त त्याला नाही. त्यानं दोन तास घेतले, माझ्यासमोर बसून कॉफी प्यायला आणि परीक्षेच्या पेपरांबद्दल बोलला. माझ्या हातातला कप थरथरत होता. मला त्या सगळ्यांचा इतका राग आला होता की संध्याकाळी मी घरमालकीणबाईंशी भांडले. त्या शांतपणे म्हणाल्या, 'आज रात्री सांगितलं तर तो एकटा त्या खोलीत काय करेल?'

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला (तिथे दिवसाचे तास सूर्योदयापासून आणि रात्रीचे सूर्यास्तापासून मोजतात, म्हणून त्यांच्या घड्याळात रात्रीचे अकरा) त्याचा मेहुणा, त्याच्या घरचे पाद्री, शेजारी आणि आम्ही चार सहकारी त्याच्या दारात उभे राहिलो. बहुतेकांच्या अंगावर गाबी, म्हणजे पांढरी जाड सुती चादर होती. त्यानं दार उघडलं, चेहरे पाहिले आणि खाली बसला. तो पडायच्या आत सहा हातांनी त्याला धरलं होतं. ते सहा हात पाहिले आणि माझा राग गेला.

दुःखाची बातमी एकट्या माणसाला गाठता कामा नये. रात्री नको, रस्त्यात नको, उपाशीपोटी नको. म्हणून आधी माणसं जमवायची, मग बातमी द्यायची. तुझ्या मैत्रिणीच्या माणसांनी एक दिवस घेतला तो सगळ्यांना जमवायला घेतला असणार. त्या दिवशी तिच्याजवळ तू होतीस, म्हणून तर त्यांनी तुला फोन केला. बाहेरच्या माणसाला हे काम कुणी सांगत नाही.

तरी एक गोष्ट मला मान्य नाही, ती सांगते. मर्दोची मी बाजू घेईन, आजार लपवण्याची नाही. माझी एक विद्यार्थिनी पुढे बैरुतला घरकामाला गेली. इकडे इथिओपियात तिची आई तीन महिने अंथरुणाला खिळली होती आणि फोनवर प्रत्येक जण 'दहना नत', म्हणजे 'ती बरी आहे', एवढंच सांगत राहिला. तिला कळलं तेव्हा भेटायला कुणी उरलं नव्हतं. ती मला म्हणाली, 'रडायला माणसं दिली, पण निरोप घेऊ दिला नाही.' याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. आता तर फेसबुकवर कुणी दूरचा ओळखीचा माणूस फोटोसकट श्रद्धांजली टाकून मोकळा होतो आणि मुलीला आईची बातमी बसस्टॉपवर कळते. तुमच्या घरी तसं झालं नाही, हे मला फार मोठं वाटतं.

आता पुढचं. बाहिर दारला असते तर गल्लीतला 'इद्दिर' धावून आला असता. इद्दिर म्हणजे शेजाऱ्यांची मयतीसाठीची मंडळी. दरमहा प्रत्येक घर थोडे बिर (तिथलं चलन) भरतं आणि कुणी गेलं की तंबू, बाकं, मोठी पातेली, स्वयंपाक सगळं तेच बघतात. रात्री तंबूत पुरुष पत्ते खेळत जागतात. पहिल्यांदा ते पाहून मी चमकले होते, पण घरच्यांना एकटं सोडायचं नाही एवढाच त्यामागचा हेतू. तुमच्या भागात इथिओपियन खूप आहेत, त्यांचेही इद्दिर असतात. पण अपार्टमेंटमध्ये तंबू उभा राहत नाही आणि सोमवारी सगळ्यांना कामावर जावं लागतं. ती पोकळी तुला दिसेल.

तिला 'कशी आहेस?' विचारू नकोस. शेजारी बस. जेवायला विचारलंस की ती नको म्हणेल. त्या पहिल्या 'नको'वर उठून जाऊ नकोस. तिथे 'यिलुन्यता' नावाची गोष्ट आहे. लोक आपल्याला काय म्हणतील याची लाज त्यात आहेच, पण समोरच्याला आपला त्रास नको हा संकोचही आहे. त्यामुळे पहिल्यांदा विचारल्यावर हो म्हणणं उतावळेपणाचं वाटतं. दुसऱ्यांदा विचार, तिसऱ्यांदा विचार. तरी नको म्हणाली तर इंजेराचा (तिथल्या आंबवलेल्या पातळ भाकरीचा) घास करून स्वतःच्या हातानं तिच्या तोंडाशी ने. याला 'गुर्शा' म्हणतात, आणि आपल्या माणसाचा गुर्शा सहसा कुणी परतवत नाही. ती ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन असेल तर बुधवारी, शुक्रवारी आणि मोठ्या उपासात दूध, तूप, अंडी, मांस चालत नाही. मसुरीची आमटी तेलातच कर.

तू बोलत असताना ती मध्येच झटकन श्वास आत ओढेल, दचकल्यासारखा. घाबरू नकोस, त्याचा अर्थ 'हं, ऐकतेय' एवढाच. मला हे कळायला सहा महिने लागले. आणि एक शब्द शीक : 'आयझोश'. मुलाला 'आयझोह', मुलीला 'आयझोश'. धीर धर, मी आहे, असा काहीसा त्याचा अर्थ. ठेच लागलेल्या पोराला म्हणतात आणि आई गेलेल्या बाईलाही म्हणतात.

चाळिसाव्या दिवशी आईच्या नावानं प्रार्थना आणि जेवण असेल. तारीख तिच्या मावसभावाला विचारून ठेव आणि त्या दिवशी सकाळपासून तिथे कामाला उभी राहा.

'तुला माहीत होतं ना?' असं तिनं कधी विचारलंच, तर 'हो, माहीत होतं' म्हण. कारणं देत बसू नकोस. ती कारणं तिला तुझ्याआधीपासून माहीत आहेत.

प्रश्न : दुबईतल्या आमच्या ऑफिसात एक इथिओपियन जोडपं आहे. नवऱ्याचं आडनाव वेगळं, बायकोचं वेगळं आणि मुलाचं तिसरंच. विम्याचा फॉर्म मी भरला. माझी चूक तर झाली नाही ना?

उत्तर : नाही, बरोबर आहे. तिथे आडनाव नसतंच. स्वतःचं नाव आणि पुढे वडिलांचं नाव, कागदोपत्री कधी त्यापुढे आजोबांचं. समजा, नवरा दावित तस्फाये असेल तर त्याचा मुलगा योनास दावित. बायको हिरुत अलेमू लग्नानंतरही हिरुत अलेमूच राहते, कारण तिचे वडील बदललेले नाहीत. फॉर्मवर 'कुटुंबाचं नाव' विचारतात तिथे सहसा वडिलांचं नाव लिहितात. हाक मारताना मात्र 'मिस्टर तस्फाये' म्हणू नका, तुम्ही त्याच्या वडिलांना हाक मारताय. 'अतो दावित', म्हणजे 'श्रीयुत दावित' म्हणा. वयानं बराच मोठा असेल तर आदरानं 'गाशे दावित'.