कळा नेमक्या किती दुखतात?

प्रश्न : पहिलंच बाळंतपण आहे, आठवा महिना लागलाय. फोनवर एक संदेश फिरतो : माणूस ४५ ‘डेल’ वेदना सोसू शकतो, बाळंत होताना बाईला ५७ डेल होतात, म्हणजे २० हाडं एकाच वेळी मोडल्याइतक्या. खरंच इतकं दुखतं का?

उत्तर : तो संदेश पुसून टाका. ‘डेल’ नावाचं एकक वैद्यकशास्त्रात नाही. १९४०च्या दशकात अमेरिकेत कातडीला उष्णता देऊन वेदना मोजायची ‘डोल’ नावाची मोजपट्टी तयार झाली होती. तिची शेवटची पायरीच साडेदहा होती. ती वापरातून गेली. आज वेदना किती हे जिला दुखतंय तिलाच विचारतात, शून्य ते दहा.

पण खोटा धीर आम्ही देणार नाही. दुखतं, आणि पहिलटकरणींपैकी बऱ्याच जणी ‘खूप दुखलं’ असंच सांगतात. काहींना बेताचं दुखतं. तुमच्या वाट्याला काय येईल हे आधी कुणालाच सांगता येत नाही. मात्र या वेदनेची घडण मोडलेल्या हाडासारखी नाही. हाड सतत ठणकतं. कळ चढते, शिगेला पोचते, उतरते आणि मध्ये पूर्ण थांबते. कळा जोरात सुरू झाल्यावर दहा मिनिटांत तीन ते चार कळा येतात, एकेक ४५ ते ६० सेकंदांची. हिशेब केला तर तासातली साधारण १४ ते २४ मिनिटं कळेची, उरलेली सुमारे ४० मिनिटं मोकळी. भीतीत आपण ती ४० मिनिटं विसरतो.

दुखण्याची जागाही बदलत जाते. आधी गर्भपिशवीचं तोंड उघडत असतं, तेव्हा ओटीपोट, कंबर आणि मांड्या भरून येतात. बाळ खाली सरकलं की योनीमार्ग ताणला जातो. तिथे दाब, रेटा आणि डोकं बाहेर येताना जळजळ होते. सगळ्यात अवघड वेळ बहुधा तोंड आठ ते दहा सेंटीमीटर उघडतानाची : कळांमधलं अंतर मिनिट-दोन मिनिटांवर येतं, अंग थरथरतं, उलटी होते, ‘मला आता जमणार नाही’ असं तोंडून निघतं. हे वाक्य आलं की सहसा शेवटचा टप्पा जवळ असतो.

वेळेबद्दलही एक गैरसमज आहे. तोंड तासाला एक सेंटीमीटर उघडलंच पाहिजे, हा जुना दंडक सगळ्यांना लागू होत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट केलं. पाच सेंटीमीटरपर्यंतचा संथ टप्पा कितीही लांबू शकतो, क्वचित दिवसभरही. पाचपासून दहापर्यंत पहिल्या खेपेला सहसा १२ तासांच्या आत होतं आणि जोर करण्याचा टप्पा तीन तासांच्या आत. संथ टप्प्यात घरीच राहा, खा, झोपा. पहिल्या हलक्या कळेपासून घड्याळ धरून बसणारी खरी वेळ येईपर्यंत थकलेली असते, आणि थकव्यात तीच कळ दुप्पट वाटते.

प्रश्न : श्वासाच्या व्यायामाने खरंच फरक पडतो का? वर्गात शिकवलेलं ऐनवेळी आठवेल असं वाटत नाही.

उत्तर : श्वासाने वेदना जात नाही. शरीर आवळून घेतल्यामुळे वाढणारा भाग कमी होतो, आणि तो भाग लहान नसतो. घाबरल्यावर ॲड्रेनॅलिन वाढतं, जबडा आणि खांदे ताठ होतात; सुरुवातीच्या टप्प्यात कळाही मंदावू शकतात.

लक्षात ठेवायचं ते थोडंच आहे. कळ चढू लागली की आधी श्वास सोडा. मग नाकाने चार आकडे मोजत आत, तोंडाने सहा आकडे मोजत बाहेर. ओठ सैल, जबडा सैल, खांदे खाली. असे साधारण सहा श्वास झाले की एक कळ संपते. म्हणजे मोजायचं फक्त सहापर्यंत. ३४व्या आठवड्यापासून रोज दहा मिनिटं सराव करा. मुठीत बर्फाचा खडा एक मिनिट धरून हेच सहा श्वास घेऊन पाहा. बर्फाची आणि कळेची तुलनाच नाही. नको असलेली संवेदना चालू असताना अंग सैल ठेवायची सवय लागावी, एवढ्यासाठीच तो.

चूक होते ती भरभर श्वास घेण्यात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, ओठ आणि बोटं झिणझिणतात, चक्कर येते, बोटं आखडतात. अशा वेळी बाई आणखी घाबरते. उपाय एकच : सोडायचा श्वास लांबवा. आणि ‘जोर करू नका, डोकं दिसतंय’ असं सांगितलं की मात्र तोंड उघडं ठेवून हलकेच धापा टाका. डोकं सावकाश बाहेर आलं की कातडी कमी फाटते.

सोबत चालणं, उभ्याने पुढे झुकणं, कोमट पाणी अंगावर घेणं हेही करा. टबात बसणार असाल तर पाणी ३७.५ अंश सेल्सिअसच्या वर नको. बाळाची पाठ तुमच्या पाठीकडे असेल तर कंबर कळांच्या मधल्या वेळातही दुखत राहते. तेव्हा पाठीवर न झोपता हात आणि गुडघे टेकून राहिल्याने बऱ्याच जणींना बरं वाटतं.

प्रश्न : मला एपिड्यूरल (पाठीतून दिली जाणारी भूल) घ्यायचं आहे. कुणी म्हणतं पाठ कायमची धरते, कुणी म्हणतं मग सिझेरियनच होतं. वर ‘आम्ही नाही का सोसलं’ हे आहेच. अपराधी वाटतं.

उत्तर : अपराधी वाटून घेऊ नका. १८५३ मध्ये इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने आठव्या बाळंतपणात डॉ. जॉन स्नो यांच्याकडून क्लोरोफॉर्म घेतला, तेव्हाही टीका झाली होती. दात काढताना भूल मागणाऱ्याला कुणी दुबळं म्हणत नाही.

आता प्रत्यक्ष काय होतं ते. तुम्हाला कुशीवर किंवा बसवून पाठ कमानीसारखी वाकवायला सांगतात. कातडी बधिर करून कमरेच्या मणक्यांमधून सुई घालतात, तिच्यातून केसासारखी बारीक नळी आत सरकवतात आणि सुई काढून घेतात. पाठीत राहते ती नळीच. त्यातून बधिर करणारं औषध थोडंथोडं जातं. १५ ते २० मिनिटांत परिणाम होतो. सुई टोचताना कळ आली तर तसं सांगा, भूलतज्ज्ञ थांबतात. त्या क्षणी न हलणं महत्त्वाचं.

पाठ कायमची दुखत नाही. टोचल्या जागी काही दिवस हुळहुळतं. नंतरची पाठदुखी बाळंतपणानंतर एपिड्यूरल न घेतलेल्यांनाही होते. सिझेरियनचं प्रमाणही वाढत नाही. जोर करण्याचा टप्पा मात्र लांबू शकतो. रक्तदाब उतरू शकतो म्हणून तो वारंवार मोजतात, सलाईन लावतात. लघवीची जाणीव कमी होते म्हणून नळी लागू शकते. खाज, थंडी किंवा थोडा ताप येऊ शकतो. सुमारे शंभरात एकीला नंतर डोकं जोरात दुखतं, उठून बसलं की जास्त आणि आडवं झालं की कमी. त्यावर उपचार आहेत. सुमारे दहात एकीला एका बाजूला किंवा एखाद्या पट्ट्यात दुखतच राहतं. ते सोसत बसू नका, नळी जरा मागे घेऊन किंवा पुन्हा बसवून दुरुस्त करता येतं. प्लेटलेट खूप कमी असतील, रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा टोचायच्या जागी संसर्ग असेल तर एपिड्यूरल देता येत नाही.

‘चार सेंटीमीटर होऊ द्या, मग बघू’ असं थांबवून ठेवण्याची गरज आता मानत नाहीत. खरा प्रश्न वेगळा आहे आणि तो आजच विचारा : भूलतज्ज्ञ रात्री दोन वाजताही हजर असतात का? नसतील तर पर्याय ठरवून ठेवा. निम्मा नायट्रस ऑक्साइड आणि निम्मा ऑक्सिजन असलेला वायू स्वतः मास्क धरून घेता येतो. परिणाम व्हायला अर्धं मिनिट लागतं, म्हणून कळेची चाहूल लागताच ओढायचा, शिगेला पोचल्यावर नाही. पेथिडिनच्या इंजेक्शनने गुंगी येते, वेदना थोडी बोथट होते. प्रसूतीच्या अगदी आधी दिलं तर बाळाचा श्वास मंद होऊ शकतो.

प्रश्न : पत्नीसोबत लेबर रूममध्ये असणार आहे. माझा काही उपयोग होईल का?

उत्तर : हो, आणि तो मोजला गेलाय. २६ चाचण्या आणि १५ हजारांहून अधिक स्त्रियांच्या माहितीचा २०१७ मध्ये एकत्रित अभ्यास झाला. सतत कुणीतरी सोबत असलेल्यांमध्ये नैसर्गिक प्रसूती जास्त झाल्या आणि कळांचा काळ थोडा कमी झाला.

कळ आली की तळहाताच्या टाचेने तिच्या कमरेखालच्या त्रिकोणी हाडावर घट्ट दाब द्या. चोळू नका, दाबून धरा, आणि कळ उतरली की सोडा. किती जोर हवा ते तिला विचारा. बहुतेक वेळा तुम्हाला वाटतो त्याहून जास्त लागतो. कळ चालू असताना प्रश्न विचारू नका. मधल्या वेळात घोटभर पाणी द्या, दर दोन तासांनी लघवीला न्या. भरलेलं मूत्राशय बाळाची वाट अडवतं. तिला काय हवं ते डॉक्टर-नर्सना तुम्ही सांगा, तिला सांगायला लागू नये.

प्रश्न : कळांपेक्षा मला टाक्यांचीच भीती वाटते.

उत्तर : पहिल्या बाळंतपणात बहुतेकींना थोडंफार फाटतंच, गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत फाटणं शंभरात सुमारे सहा जणींना होतं. ३५व्या आठवड्यापासून आठवड्यातून एक-दोनदा, स्वच्छ हातांनी, तेल लावून योनीमार्गाच्या खालच्या बाजूला तीन-चार मिनिटं हलका ताण दिला तर छेद (बाळाला वाट मोठी करायला कात्रीने दिलेला काप) घ्यावा लागण्याची शक्यता कमी होते. प्रसूतीच्या वेळी तिथे कोमट पाण्याची घडी धरायला सांगा. सरसकट छेद घेऊ नये अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. टाके घालताना दुखलं तर गप्प राहू नका, भुलीचं औषध आणखी देता येतं.

प्रश्न : पहिल्या वेळी फार वाईट अनुभव आला. आता पुन्हा दिवस आहेत. स्वप्नात तेच दिसतं, तपासणीला जावंसं वाटत नाही. सरळ सिझेरियन मागू का?

उत्तर : तुम्ही लिहिलंय तो निव्वळ घाबरटपणा नाही. बाळंतपणाच्या तीव्र भीतीला टोकोफोबिया म्हणतात आणि आधीच्या आघातातून आलेली भीती हा तिचा ओळखलेला प्रकार आहे. पहिलं काम : मागच्या प्रसूतीचे कागद मागवा आणि डॉक्टरांसोबत ओळीओळीने वाचा. कोणत्या वेळी काय झालं, का झालं, ते टाळता आलं असतं का, पुन्हा होण्याची शक्यता किती. दुसरं, आघातावर उपचार करणाऱ्या समुपदेशकाची वेळ लगेच घ्या, नववा महिना उजाडायची वाट पाहू नका. ‘न विचारता हात घालून तपासू नये’ यांसारख्या अटी लिहून फाइलला लावा.

सिझेरियन मागण्याचा विचार चुकीचा नाही, पण ते वेदनेतून सुटका नव्हे. वेदना नंतर येते, सावरायला साधारण सहा आठवडे लागतात, आणि प्रत्येक सिझेरियननंतर पुढच्या गर्भारपणात वार (प्लासेंटा) गर्भपिशवीला घट्ट चिकटण्याचा धोका वाढतो. हे सगळं कळूनही तेच हवं असेल तर ठामपणे सांगा. इतर कारण नसेल तर ३९ आठवड्यांआधी करू नये.

प्रश्न : दवाखान्यात नेमकं कधी निघायचं?

उत्तर : पहिल्या खेपेला कळा पाच-पाच मिनिटांनी, प्रत्येकी मिनिटभर, असं तासभर चाललं की. दुसऱ्या खेपेला त्याआधीच. पाणी गेलं, विशेषतः हिरवट. रक्त जास्त गेलं. बाळाची हालचाल कमी वाटली. डोकं खूप दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली. किंवा पोट दगडासारखं कडक राहून दुखणं मध्ये थांबतच नसेल, तर कळा मोजत बसू नका, ताबडतोब निघा.