वाचकांचे प्रश्न : पुस्तकावरचं वय आणि मुलाचं वय

ग्रंथालयाच्या बालविभागात मी २७ वर्षं काम केलं. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रं नुकत्याच निघालेल्या पुस्तकांबद्दल आहेत. ‘कुठलं घेऊ?’ असं बहुतेकांनी विचारलंय. नावांची यादी मात्र मी देणार नाही. घरातल्या वाचकाला तुम्ही ओळखता, मी ओळखत नाही. पुस्तक हातात घेतल्यावर काय बघायचं, ते जरूर सांगते.

माझी मुलगी ९ वर्षांची आहे. तिला भेट आलेल्या नव्या कादंबरीवर ‘८ ते १२’ असं छापलंय. चार पानं वाचून तिनं ती ठेवून दिली. उलट ‘५+’ लिहिलेली धाकट्या भावाची पुस्तकं ती पुन्हा पुन्हा वाचते. ती मागे पडते आहे का? — एक आई

नाही, ती मागे पडलेली नाही. ती वाचते आहे, आणि आवडीनं वाचते आहे.

तो आकडा तुमच्या मुलीकडे बघून कुणी छापलेला नाही. पुस्तक कुठल्या कपाटात लावायचं हे विक्रेत्याला कळावं आणि भेट देणाऱ्या पाहुण्याला पटकन निवडता यावं, हा त्याचा मुख्य उपयोग. २००८मध्ये ब्रिटनमधल्या प्रकाशकांनी मुलांच्या पुस्तकांवर सरसकट वय छापायचं ठरवलं, तेव्हा फिलिप पुलमन यांच्यासह कितीतरी लेखकांनी जाहीर विरोध केला. सावकाश वाचणाऱ्या मोठ्या मुलाला त्या आकड्याची लाज वाटेल आणि भरभर वाचणाऱ्या लहान मुलाला तो उगीच अडवेल, असं त्यांचं म्हणणं होतं.

ही लाज मी स्वतः पाहिली आहे. १० वर्षांचा एक मुलगा होता. कपाटातून पुस्तक काढायचा, मधलंच पान उघडून उभ्याउभ्या वाचायचा. चेहरा खुललेला असायचा. मग पुस्तक उलटं करून मलपृष्ठावरचा ‘७+’ बघायचा आणि गुपचूप परत ठेवायचा. दोन शनिवार मी हे बघितलं. तिसऱ्या शनिवारपर्यंत मी त्या पुस्तकाची दाखल क्रमांकाची चिठ्ठी काढून नेमकी त्या आकड्यावर चिकटवली होती. त्या दिवशी पुस्तक त्याच्याबरोबर घरी गेलं. पुढे नवी पुस्तकं दाखल करताना चिठ्ठीची माझी जागा तीच राहिली.

आता तुमच्या कादंबरीबद्दल. पहिल्या चार पानांत किती पात्रांची नावं येतात, ते मोजून बघा. बऱ्याच कादंबऱ्या सुरुवातीलाच सात-आठ माणसं, एक गाव आणि एक जुनं भांडण मुलांच्या अंगावर टाकतात. मोठ्यांना सवय असते, मुलं दमतात. पहिलं प्रकरण तुम्ही मोठ्यानं वाचून दाखवा, तिला नुसतं ऐकू दे. ऐकून समजण्याची मुलांची ताकद शाळेची बरीच वर्षं वाचून समजण्याच्या पुढे असते. गोष्ट चालायला लागली, की पुस्तक तिच्या हातात द्या आणि बाजूला व्हा.

तिनं एकटीनं वाचायचं असेल तर बोटांची जुनी युक्ती आहे. मधलं एखादं पान उघडायचं आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. पान संपायच्या आत पाचही बोटं मिटली, तर हे पुस्तक सध्या मोठ्यांबरोबर वाचायचं. एकही मिटलं नाही, तरी ‘तुझ्यासाठी फार सोपं आहे हे’ असं म्हणून काढून घेऊ नका. सोपं पुस्तक दहाव्यांदा वाचताना मुलांचा वेग वाढतो, आणि तो पुढच्या अवघड पुस्तकात कामी येतो.

‘नवे प्रकाशन’ म्हणून एक अनुवादित कादंबरी घेतली. तिसाव्या पानावर लक्षात आलं, की हीच गोष्ट मी २० वर्षांपूर्वी दुसऱ्या नावानं वाचली आहे. हे आधी कसं ओळखावं? — एक नियमित वाचक

नावाचं पान उलटा. त्याच्या मागच्या बारीक टायपातल्या मजकुराकडे कुणी बघत नाही, पण तिथे पुस्तकाची जन्मकुंडली असते.

आधी मूळ पुस्तकाचं नाव आणि त्याचं प्रकाशनवर्ष शोधा. अनुवाद यंदाचा आणि मूळ पुस्तक १९९०च्या दशकातलं, असं सर्रास असतं. त्यात गैर काहीच नाही, फक्त ते आपल्याला माहीत असावं. मग अनुवादकाचं नाव बघा. मूळ नाव तेच आणि अनुवादक वेगळा असेल, तर हा नवा अनुवाद आहे. तो पुन्हा वाचण्यासारखा असू शकतो. अनुवादकही तोच असेल, तर जुनंच पुस्तक नवं मुखपृष्ठ आणि नवं नाव घेऊन आलंय असं समजा.

मग ‘आवृत्ती’ आणि ‘पुनर्मुद्रण’ हे शब्द. मजकुरात दुरुस्ती किंवा भर घातली तर नवी आवृत्ती, जसंच्या तसं छापलं तर पुनर्मुद्रण. आपल्याकडे हे दोन शब्द फार सैल वापरले जातात. त्यामुळे ‘पाचवी आवृत्ती’ दिसली तरी मजकूर पाच वेळा सुधारलाय असं गृहीत धरू नका. त्यासाठी नव्या आवृत्तीचं मनोगत वाचा. काय बदललं हे लेखकानं तिथे सांगितलं नसेल, तर बहुधा काहीच बदललेलं नाही.

शेवटी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक. जानेवारी २००७पासून हा क्रमांक १३ आकडी झाला, त्याआधी तो १० आकडी होता. एखाद्या प्रतीवर फक्त १० आकडी क्रमांक असेल, तर ती बहुधा त्याआधी छापलेली आहे. नुसत्या पुनर्मुद्रणाला नवा क्रमांक लागत नाही. कागदी बांधणी, पुठ्ठा बांधणी आणि ई-बुक यांना मात्र वेगवेगळे क्रमांक असतात, म्हणून दोन क्रमांक दिसले म्हणजे दोन पुस्तकं असं नव्हे.

अनुवादकाचं नाव मुखपृष्ठावर नसेल तर मला वाईट वाटतं. आपण जी वाक्यं वाचतो, ती त्या माणसानं लिहिलेली असतात. आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्काराची रक्कम २०१६पासून लेखक आणि अनुवादक यांच्यात निम्मी-निम्मी वाटली जाते. मुखपृष्ठावरच्या एका ओळीला तर पैसेही पडत नाहीत.

४ वर्षांच्या नातवासाठी एक नवं चित्रपुस्तक आणलं. ३२ पानं आणि शब्द दोनशेसुद्धा नसतील. पाच मिनिटांत संपलं. यात वाचायचं काय? — एक आजोबा

पाच मिनिटांत शब्द संपले. पुस्तक अजून तसंच आहे, आजोबा.

आधी ३२ पानांचं सांगते. छापखान्यात मोठा कागद दोन्ही बाजूंनी छापतात आणि तीनदा दुमडतात. त्याची ८ पानं होतात, दोन्ही बाजू मोजल्या की १६ पृष्ठं. तो एक फॉर्म. असे दोन फॉर्म म्हणजे ३२ पृष्ठं, तुम्ही म्हणता ती ३२ पानं. जगभरातली कितीतरी चित्रपुस्तकं याच मापात बसवलेली असतात. नाव, श्रेय, अर्पण यांची पानं वजा केली, की गोष्टीला उरतात समोरासमोरच्या पानांच्या बारा-चौदा जोड्या. तेवढ्यात सगळं सांगायचं असल्यामुळे चित्र दाखवू शकतं ते चांगला लेखक शब्दांत लिहीतच नाही.

समजा, पानावर एवढंच वाक्य आहे : ‘सगळे गाढ झोपले.’ आपण ते वाचतो आणि पान उलटायला हात उचलतो. पण चित्रात पलंगाखालून एक शेपटी बाहेर आलेली असते. खिडकीची कडी मागच्या पानावर लागलेली होती, आता निघालेली आहे. शब्दांना याची खबर नाही. आपली नजर शब्दांवर असते म्हणून आपल्याला हे दिसत नाही. नातवाला अजून अक्षरं येत नाहीत, त्याची नजर थेट शेपटीवर जाते. तो तुमचा हात धरून ‘थांबा’ म्हणतो, तेव्हा त्याला गोष्टीतलं असं काही कळलेलं असतं जे तुम्हाला अजून कळलेलं नाही.

म्हणून पहिल्यांदा शब्द वाचूच नका. मुखपृष्ठ दोघांनी सावकाश बघा. मुखपृष्ठ उघडल्यावर लगेच येणारी रंगीत पानंही बघा. गोष्टीची सुरुवात कधीकधी तिथेच लपवलेली असते. पान उलटायचं काम नातवाकडे द्या. उजव्या पानाच्या शेवटी वाक्य मुद्दाम अर्धं तोडलेलं असतं, पुढे काय होणार या धाकधुकीत पान उलटण्यातच खरी मजा असते, आणि ती मजा त्याच्या बोटांना मिळू दे. ‘हा कोण? हा रंग कुठला?’ असे परीक्षेचे प्रश्न नकोत. त्याला विचारायचं असेल ते तो विचारेल.

मला सांगा, शेपटीसारखं काय काय सापडलं ते. पुढच्या पत्राची वाट बघते.

माझा मुलगा १५ वर्षांचा. तो सध्या एक नवी कादंबरी वाचतोय. त्यात नायकाचा मित्र आत्महत्या करतो. मला भीती वाटते. पुस्तक काढून घेऊ का? — एक काळजीत पडलेली आई

काढून घेऊ नका. आजच रात्री ते पुस्तक तुम्ही स्वतः वाचायला घ्या.

तुमची भीती खोटी नाही, आणि किशोरांसाठीची सगळीच पुस्तकं या विषयावर जबाबदारीनं लिहिलेली असतात असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं पत्रकारांसाठी आणि चित्रपट-नाटकवाल्यांसाठी याबद्दल सूचना काढल्या आहेत. त्याच कसोट्या आपण कादंबरीला लावू शकतो. मृत्यू कसा घडला याचं बारीक वर्णन आहे का? तो सुटका किंवा सूड म्हणून रंगवलाय का? सगळ्याचं खापर एकाच कारणावर फोडलंय का? उलट, मागे राहिलेल्यांचं दुःख, कुणीतरी मदत मागणं आणि ती मिळणं, हे आलंय का? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं ‘हो’ असतील तर ते पुस्तक मी तरी त्याला एकट्यानं वाचू देणार नाही. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर ते त्याच्या उपयोगी पडू शकतं.

वाचून झालं की त्याच्याशी बोला. समोर बसवून नको, बरोबर चालताना किंवा काही काम करताना बोला. ‘तो मित्र कुणाशी बोलला असता तर?’ एवढा प्रश्न पुरे. मग गप्प राहा, त्याला वेळ घेऊ दे. ‘तुला कधी असं वाटलंय का?’ हे सरळ विचारायलाही घाबरू नका. विचारल्यानं तो विचार मुलाच्या डोक्यात शिरत नाही. उलट, हा विषय घरात बोलता येतो हे त्याला कळतं. उत्तर ‘हो’ असेल, किंवा अलीकडे त्याची झोप, बोलणं, मित्र बदलले असतील, तर पुस्तक बाजूला ठेवा, त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा.

पुस्तक काढून घेतलं तर तो ते दुसरीकडे मिळवून वाचेल, आणि त्यानंतर मनात काय चाललंय ते तुम्हाला सांगणार नाही. त्यानं पुस्तक तुमच्यापासून लपवलेलं नाही. ही फार मोठी गोष्ट आहे.

वय ७१. नवी पुस्तकं वाचायची इच्छा आहे, पण टाइप बारीक आणि डोळे थकलेले. — एक वाचक

विकत घेण्यापूर्वी पुस्तक हातात घेऊन एक पूर्ण पान वाचा, अर्धं नको. त्रास दुसऱ्या परिच्छेदापासून सुरू होतो. अक्षरांच्या आकाराइतकंच दोन ओळींमधलं अंतर बघा, कारण देवनागरीत वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांत घुसले की डोळा लवकर शिणतो. ‘मोठा टाइप’ म्हणवणारं पुस्तक किमान १६ पॉइंटचं असावं. ई-बुक घेताना ते ईपब प्रकारात आहे का, ते विचारा. त्यात अक्षरं हवी तेवढी मोठी होतात आणि ओळी आपोआप नव्यानं जुळतात. पीडीएफमध्ये नुसतं पान फुगतं आणि प्रत्येक ओळीला पडदा डावीउजवीकडे सरकवत बसावं लागतं.

मी १३ वर्षांचा आहे. मला अजून चित्रांचीच पुस्तकं आवडतात. वर्गातले मित्र म्हणतात, ती बाळांची असतात. मी मोठ्यांची पुस्तकं वाचायला सुरुवात करू का? — एक विद्यार्थी

वाटलं तर कर. मित्रांसाठी मात्र करू नकोस.

चित्रकथा लिहिणं आणि काढणं हे मोठ्या माणसांचं अतिशय कष्टाचं काम आहे, आणि त्यातल्या कितीतरी मोठ्यांसाठीच असतात. आर्ट स्पीगलमन नावाच्या चित्रकारानं आपल्या वडिलांनी सोसलेला नाझी छळ चित्रकथेत मांडला. १९९२मध्ये त्याला पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाला. हे मित्रांना सांग, किंवा नको सांगूस.

तू एक करून बघ. चित्रकथेत दोन चौकटींच्या मधे रिकामी पट्टी असते. पहिल्या चौकटीत हात वर गेलेला असतो आणि दुसऱ्या चौकटीत पेला फुटलेला. पेला पडताना कुणीच काढलेला नाही, तो तू मनात पाडलास. तुझ्या आवडत्या पुस्तकातली अशी एक पट्टी निवड आणि मधे जे घडलं ते वहीत दहा ओळींत लिहून काढ. जमलं तर मला पाठव.

आणि तुझ्या पुस्तकाच्या मागे वयाचा आकडा छापलेला असेल, तर तुझ्या नावाची चिठ्ठी बरोब्बर त्याच्यावर चिकटव.