माझ्या १७ वर्षांच्या भावाला बौद्धिक अक्षमता आहे, त्याचं सगळं आईच करते. घरी स्वावलंबन शिकवायला सुरुवात कुठून करावी?

शेवटापासून करा. माझ्या मुलाला शर्ट घालायला शिकवताना ही गोष्ट मला फार उशिरा कळली. वरची सगळी बटणं तुम्ही लावा, खालचं शेवटचं तेवढं त्याला लावू द्या. ते जमलं की शेवटची दोन. काम दर वेळी त्याच्या हातून पूर्ण होतं, म्हणून तो टिकून राहतो. आमच्याकडे एका बटणाला तीन आठवडे लागले. बटण काजातून अर्धं ढकलून मग दुसऱ्या हाताने ओढायचं, हा हातबदलच अडायचा. बोटांत जोर यावा म्हणून मी त्याला संत्री सोलायला दिली. आपल्या नागपुरी संत्र्याची साल सैल असते, लवकर जमतं.

आईला एकच सांगा: मनात दहापर्यंत मोजायचं, मगच मदतीला हात पुढे करायचा. हे सगळ्यात कठीण, मला अजूनही जड जातं.

घरातलं एक काम कायमचं त्याचं असू द्या. उन्हाळ्यात कूलरमध्ये पाणी भरणं चांगलं, पण प्लग आधी तुम्ही स्वतः काढा. पाणी कुठवर भरायचं तिथे लाल टेप चिकटवा.

यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्र, नसेल तर काढून घ्या. राष्ट्रीय न्यास या बौद्धिक अक्षमता वगैरे असलेल्यांसाठीच्या सरकारी संस्थेच्या 'निरामय' आरोग्य विम्यात वर्षाला १ लाखापर्यंतचं संरक्षण आहे, त्यात थेरपीचाही काही खर्च मिळतो.