खुब्याचं हाड, सहा तास आणि ॲस्पिरिन

तुमचे दोन्ही प्रश्न वाचले. आईचं वय 79, घरात पडून खुब्याचं हाड मोडलंय आणि डॉक्टर म्हणतात ऑपरेशन उद्या सकाळी. तुम्ही मात्र कुठेतरी वाचलंय की ते सहा तासांत व्हायला हवं. दुसरं, हाड मोडल्यावर गुठळी होऊ नये म्हणून साधी ॲस्पिरिन पुरते असं सिद्ध झालंय, तर मग पोटात इंजेक्शनं कशाला? गेली वीस वर्षं मी अपघात आणि फ्रॅक्चरचीच ऑपरेशनं करतोय. दोन्ही संशोधनं खरी आहेत, पण तुमच्या आईला लागू पडतं ते एकच.

सहा तासांची गोष्ट 'हिप अटॅक' नावाच्या चाचणीतून आली. 2020 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ती छापून आली. 17 देशांतले 2970 रुग्ण होते आणि त्यांचं सरासरी वय 79, म्हणजे थेट तुमच्या आईचंच. एका गटाचं ऑपरेशन निदानानंतर साधारण सहा तासांत झालं, दुसऱ्याचं साधारण 24 तासांत. 90 दिवसांत पहिल्या गटातले 9 टक्के आणि दुसऱ्यातले 10 टक्के दगावले. हा फरक योगायोगानेही पडू शकतो इतका लहान आहे. मोठी गुंतागुंत दोन्हीकडे 22 टक्क्यांना झाली. तेव्हा उद्या सकाळ म्हणजे उशीर, हे मनातून काढून टाका. मात्र लवकर ऑपरेशन झालेल्यांना ऑपरेशननंतरचा भ्रम कमी झाला, ते लवकर उभे राहिले आणि लवकर घरी गेले. त्यामुळे टेबल रिकामं असेल, भूलतज्ज्ञ तयार असतील, तर थांबण्यात काही फायदा नाही.

याच चाचणीचा उलटा अर्थ लावलेलाही मी पाहिलाय: 'फरक पडत नाही ना, मग परवा करू.' असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. तुलना लवकर आणि त्याहून लवकर अशी होती. तीन दिवस पलंगावर पडून राहणं त्यात तपासलेलंच नाही, आणि तसं पडून राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाची छाती भरते, पाठीला जखमा होतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. उद्याचं परवावर गेलं तर कारण विचारा, आणि पटेपर्यंत विचारा. आईच्या रक्तातलं ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याची खूण, वाढलेलं असेल तरीही विचारा. त्याच चाचणीच्या नंतरच्या विश्लेषणात अशा रुग्णांना लवकर ऑपरेशनचा फायदा झालेला दिसला. हा छोट्या गटातला निष्कर्ष आहे, म्हणून मी त्याला पुरावा म्हणणार नाही. पण 'हृदयावर ताण आहे, आठवडाभर थांबू' हे मी आता सहज मान्य करत नाही.

आता ॲस्पिरिन. 2023 साली 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये 'प्रिव्हेंट क्लॉट' प्रसिद्ध झाली. 12,211 रुग्ण, इतकी मोठी चाचणी आमच्या क्षेत्रात क्वचितच होते. एका गटाला ॲस्पिरिन 81 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, दुसऱ्याला एनॉक्सापॅरिनची, म्हणजे गुठळी रोखणाऱ्या औषधाची, इंजेक्शनं. 90 दिवसांतले मृत्यू 0.78 आणि 0.73 टक्के, फुप्फुसात गुठळी जाण्याचं प्रमाण दोन्हीकडे 1.49 टक्के. पायातल्या शिरांच्या गुठळ्या ॲस्पिरिनच्या गटात थोड्या जास्त, 2.51 विरुद्ध 1.71.

हे आकडे 'हिप अटॅक'च्या शेजारी ठेवून बघा. दोन्हीकडे मोजमाप 90 दिवसांचंच. एकीकडे शंभरातला एकही माणूस पुरता जात नाही, दुसरीकडे नऊ-दहा जातात. ही दोन वेगळीच माणसं आहेत. ॲस्पिरिनच्या चाचणीत सरासरी वय 45 च्या आसपास होतं आणि बहुसंख्य पुरुष. आधी कधी गुठळी झालेले रुग्ण शंभरात एकही भरत नव्हते. तरुण माणसाचं नडगीचं हाड मोडलं तर मी आज ॲस्पिरिन निर्धास्तपणे लिहितो, हा या चाचणीने केलेला खरा बदल आहे. पण 79 वर्षांच्या बाईच्या खुब्यासाठी मी तो आकडा उचलून आणणार नाही. तुमचे डॉक्टर इंजेक्शनं देताहेत तर देऊ द्या. आई आधीपासून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असेल तर ते मात्र आज रात्रीच सांगा.

भूल पाठीत द्यायची की पूर्ण, यावर घरात वाद चाललाय असंही लिहिलंत. मीही कित्येक वर्षं पाठीतल्या भुलेचा आग्रह धरत आलो. 2021 च्या 'रिगेन' चाचणीत पन्नाशीपुढचे 1600 रुग्ण होते. 60 दिवसांत दगावलेले किंवा दुसऱ्या माणसाच्या मदतीशिवाय चालता न येणारे पाठीतल्या भुलेत 18.5 आणि पूर्ण भुलेत 18.0 टक्के. भ्रमातही फरक नव्हता. भूलतज्ज्ञांवर सोडा.

सिमेंटवर, म्हणजे कृत्रिम सांधा हाडात घट्ट बसवणाऱ्या लेपावर, मात्र माझं ठाम मत आहे. हाड सांध्याच्या आत, मांडीच्या हाडाच्या गोळ्याखालच्या मानेशी मोडलं असेल आणि अर्धा सांधा बदलणार असतील, तर सिमेंट वापरणार का ते विचारा. 2022 च्या ब्रिटिश चाचणीत, साठीपुढच्या 1225 रुग्णांत, सिमेंटवाल्यांचं चार महिन्यांनंतरचं जगणं जास्त बरं होतं, आणि बसवलेल्या सांध्याभोवतीचं हाड पुन्हा मोडण्याचं प्रमाण 0.5 टक्के, बिनसिमेंटवाल्यांत 2.1. हाड त्याखाली मोडलं असेल तर बहुधा रॉड किंवा प्लेट घालतील, तिथे हा प्रश्नच येत नाही.

आज रात्री एक काम करा. मांडीच्या वरच्या भागात नस बधिर करणारं इंजेक्शन मिळेल का ते विचारा. हालवताना होणारी वेदना त्याने खूप कमी होते आणि गुंगी आणणारी वेदनाशामक औषधंही कमी लागतात. चष्मा आणि कानाचं यंत्र असेल तर आईजवळ ठेवा, रात्री ओळखीचं कुणीतरी पलंगापाशी असू द्या. आणि ऑपरेशननंतर तिला पलंगाच्या कडेला कधी बसवलं, तेवढं इथे कळवा.