पणजोबा 'कुश्टा', त्यांचा भाऊ 'भिकू'

गोव्यातल्या डिचोलीच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. घरातली जुनी पेटी उघडली तेव्हा पणजोबांचा पोर्तुगीज काळातला जन्मदाखला हाती लागला. रोमी लिपीत नाव आहे 'कुस्तम', बापाचं नाव 'विटोबा'. त्यावरून घरात दोन तट पडले. आत्या म्हणते, हे 'कुष्ठ'वरून आलं, घराण्यात कुणाला तरी तो रोग असणार. चुलतभाऊ म्हणतो, हा ख्रिस्ती 'कुश्तोदियो', म्हणजे मधली एक पिढी बाटली होती आणि आपल्यापासून ते लपवलं गेलं. त्यात पणजोबांचा धाकटा भाऊ 'भिकू', अकरा वर्षांनी लहान. म्हणून घर तेव्हा भिकेला लागलं होतं, अशी तिसरी कथाही चालत आलेली.

तिन्ही सोडून द्या. तुमचे पणजोबा कृष्ण होते.

आधी अक्षरं वाचू. सी, यू, एस, टी, ए, एम. पोर्तुगीजमध्ये शब्दाच्या शेवटचा 'एम' हा 'म' नसतो, तो आधीचा स्वर नाकात नेतो. केपें आणि सांगें या गावांच्या रोमी नावांना शेवटी 'एम' आहे तो याचसाठी. आपण तो इंग्रजीसारखा वाचतो आणि 'केपेम', 'सांगेम' करून टाकतो. 'टी'च्या आधीचा 'एस' लिस्बनच्या उच्चारात 'श' होतो. आणि पोर्तुगीज लिखाणात त आणि ट वेगळे दाखवायची सोयच नाही. हे सगळं जमेला धरलं की 'कुस्तम'चा 'कुश्टां' होतो. कोकणीत कृष्णाला कुश्टा म्हणतात, हे तुमच्या गावातल्या एखाद्या म्हाताऱ्याने चहा पिता पिता सांगितलं असतं.

पण कृष्णाचा कुश्टा झाला कसा, खरी गंमत तिथे आहे. 'ष्ण' सावकाश म्हणून बघा. ष म्हणताना जीभ मागे वळून टाळूजवळ जाते, ण साठी तिथेच टेकते. ण नाकातला, म्हणून त्याच क्षणी नाकाची वाट उघडावी लागते. ती उघडायला जरा उशीर झाला की हवा जिभेमागे अडते आणि ट फुटतो. पुढे ण गळून जातो, ट राहतो. 'कृ'चा 'कु' झाला, कारण ऋ आपण 'रु' म्हणतो. उत्तरेत 'रि' म्हणतात, तिकडे किशन होतो.

हे कोकणीतच घडलं असं नाही. बंगालीत कृष्णाचा केष्टो, विष्णूचा बिष्टू, वैष्णवाचा बोष्टम, आणि तृष्णेची तेष्टा. तेलुगूत किष्टय्या आहे. कानडीत ष सुद्धा विरघळला आणि किट्ट, किट्टप्पा झाले. मराठीने जुनी प्राकृत वाट धरली, तिथे 'ष्ण'चा 'ण्ह' होतो: कृष्णाचा कान्हा, तृष्णेची तहान, उष्णाचं ऊन. म्हणजे ज्ञानोबांच्या घरचा कान्हा आणि तुमच्या घरचा कुश्टा एकाच नावाचे दोन मुलगे. एक आधी घराबाहेर पडला, दुसरा पुष्कळ नंतर.

दाखल्यावरचा बाप 'विटोबा', म्हणजे विठोबा, तोही याच कुळीतला असू शकतो. रा. गो. भांडारकरांचं मत होतं की विठ्ठलातला 'विठ्ठु' हा विष्णूचंच कानडी वळणाचं रूप आहे. होयसळ राजा विष्णुवर्धन याचं आधीचं नाव बिट्टिदेव होतं, हे त्या बाजूने बोलतं. सगळे अभ्यासक ते मानत नाहीत; मला पटतं.

आता कुश्तोदियो. हे ख्रिस्ती नाव गोव्यात आहे, अर्थ 'राखणदार'. पण बाप्तिस्मा झाला की आडनावही बदलायचं, फेर्नांदिस, डिसोझा असं काहीतरी लागायचं. तुमच्या दाखल्यावर बाप विठोबा आणि आडनाव आजचंच आहे. चुलतभावाला सांगा, गुपित नाही. असल्या वाचनातून काय काय उपजतं! 'शेणवी' हे पोर्तुगीज कागदांत 'सिनाय' म्हणून लिहिलं गेलं, तर हल्लीची पोरं त्याचा संबंध बायबलातल्या सिनाय पर्वताशी लावायला निघतात.

कागदावर 'कृष्ण' न येता 'कुश्टा' का आलं, याचं कारण घरात आहे. आजोबांचं नाव नातवाला ठेवायचं आणि सुनेने सासऱ्याचं नाव उच्चारायचं नाही, ही दोन्ही बंधनं एकाच घरात. मग आई पोराला हाक काय मारणार? हाकेचं नाव वेगळं होतं आणि नोंदीला गेलेला माणूस तेच सांगून येतो. आमच्याकडे पणजोबा कागदावर 'पुर्सो' आहेत. परशुराम की पुरुषोत्तम, यावर दोन चतुर्थ्या भांडण चाललं. सुटलं म्हाळाच्या दिवशी. भटजींनी बाप, आजा, पणजा अशी तीन पिढ्यांची नावं घेतली आणि 'पुरुषोत्तम' ऐकल्यावर काका हातातलं दर्भाचं पवित्र तसंच ठेवून माझ्याकडे बघत राहिले. तुमच्याकडे म्हाळ कोण करतं ते बघा, त्याच्या तोंडी नाव मिळेल. देवस्थानचे महाजन, म्हणजे देवळाचे वंशपरंपरागत हक्कदार, असाल तर महाजनांच्या यादीतही पूर्ण नाव सापडायचा संभव आहे.

'कुष्ठ'बद्दल एवढंच की रोगावरून मुलाचं नाव कोण ठेवील? वाईट नावं मात्र मुद्दाम ठेवत, आणि तुमचा भिकू त्यातलाच. मुलं जगत नसली की पुढच्या मुलाला नकोसं नाव द्यायचे: धोंडू, दगडू, केरू. केर म्हणजे कचरा. कचरा कोण चोरून नेणार? भिकू, भिकाजी, भिकी ही नावं जरा वेगळी. जन्मलेलं मूल आपलं नव्हेच, दारोदार मागून आणलेलं आहे, असं दैवाला भासवायचं. काही घरी त्यासाठी खरोखरच शेजारच्या घरांतून मूठ मूठ तांदूळ मागत. घर खातंपितं असलं तरी मुलाचं नाव भिकू असे.

तुम्हीच लिहिलंय की दोघा भावांत अकरा वर्षांचं अंतर आहे आणि मधलं कुणीच नाही. मला वाटतं, मधली होती. दाखला न काढताच गेली असतील, त्यांची खूण म्हणून भिकू हेच नाव उरलं. घरातल्या सगळ्यांत वयस्क बाईला एक विचारा: भिकूचं नाक टोचलेलं होतं का? अशा मुलाला मुलगी भासवायला नाकात नथ किंवा चमकी घालत, पुष्कळांच्या 'नथू'चा उगम तोच. म्हातारपणीच्या एखाद्या फोटोतही नाकपुडीवरचा तो ठिपका दिसतो, भिंग लावून बघा.